बार्लासाठी वाजलेली घंटा

प्राउसुत या डोंगरातल्या गावात वसंत आधी कानांना कळतो, डोळ्यांना मागाहून. मार्च सरता सरता एखाद्या पहाटे जाग येते आणि वाटतं, शेजारच्या खोलीत कुणीतरी हळू आवाजात जपमाळ ओढतंय. ती छपराची पागोळी असते. मग दिवसभर सगळं गाव ठिबकत राहतं. गोठे ठिबकतात, लार्चच्या फांद्या ठिबकतात, चर्चच्या शिखरावरच्या पत्र्याच्या कोंबड्याच्या चोचीला एक थेंब लोंबकळत राहतो आणि पडता पडत नाही.

बार्ला काडुफ अंथरुणात पडल्या पडल्या हे ऐकायची. थेंब भरभर पडत असले की रात्र ढगाळ गेली. थेंब मधेच थांबलेले असले, बाहेर अगदी शांत असलं, की आभाळ निरभ्र आहे आणि बर्फ गोठलाय. खिडकी उघडून पाहण्याआधीच तिला तेवढं कळायचं. तरी ती उठायची, लोकरी मोजे चढवायची, कॉफीचं भांडं चुलीवर ठेवायची आणि चर्चमागच्या कुरणात जाऊन लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खांबापाशी उभी राहायची.

हे काम तिच्याकडे तेविसाव्या वर्षी आलं. तोवर गावचे शाळामास्तर बर्फ मोजत. त्यांची बदली खालच्या शहरात झाली तेव्हा त्यांनी टपालघराच्या खिडकीतून मोजपट्टी, थर्मामीटर आणि एक वही आत सरकवली. म्हणाले, "तू तशीही सगळ्यांच्या आधी उठतेस." बस, एवढंच. ती टपाल वाटायची, टपालघराच्या वरच एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही याची कथा गावात तीन प्रकारे सांगतात, आणि तिन्ही वेळा ती स्वतः मान डोलावून ऐकायची, जणू दुसऱ्याच कुणाची आहे.

रोज सकाळी ती बर्फाची खोली बघायची, रात्रीत नवा किती पडला ते बघायची, बर्फात थर्मामीटर खोचायची, बुटाने दाबून पाय किती रुततो ते पाहायची आणि मान वर करून आभाळ बघायची. सात वाजता फोन करून हे सगळं दूरच्या एका कार्यालयातल्या बाईला सांगायची. त्या बाईचं तोंड तिने एकोणतीस वर्षांत पाहिलं नव्हतं, पण तिला सर्दी झालेली बार्लाला पहिल्या शब्दाला कळायची. आठवड्यातून एकदा ती स्की चढवून वर जायची, एखाद्या उतारावर छातीइतका खड्डा खणायची आणि त्याच्या भिंतीवरून बोटं फिरवायची. हिवाळ्यात पडलेला एकेक बर्फ तिथे थरांनी निजलेला असे. हा नाताळचा, हा जानेवारीतल्या वाऱ्याचा, हा कार्निव्हलच्या रविवारचा. तिला वाटायचं, आपण झोपलेल्या माणसांच्या अंगावरची पांघरुणं एकेक करून उचलून बघतोय. तेवढ्याच हळू हातांनी ती बघायची.

गाव तिला मान द्यायचं, पण थट्टाही पुष्कळ व्हायची. एका वर्षी तिने सांगितलं म्हणून वरच्या कुरणावरची स्कीची शर्यत रद्द झाली आणि त्या उतारावरून एक मूठ बर्फसुद्धा घसरला नाही. तेव्हापासून तिचं नाव पडलं बार्ला-नको. नाव ठेवणारा तुमाश. चर्चची घंटा तोच वाजवायचा आणि रस्त्यावरचा बर्फ लोटणारं यंत्रही तोच चालवायचा. जाडजूड माणूस, डावा गुडघा दुखरा, आवाज पिंपातून आल्यासारखा. त्याच्याकडे आणखी एक हुकमाचं पान होतं. पुढच्याच हिवाळ्यात बार्ला म्हणाली होती, "दोन दिवस काही होणार नाही," आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हिमलोट आला आणि तुमाशचा गवताचा गोठा नदीपलीकडे नेऊन ठेवला. माणूस कुणी नव्हता, जनावरही नव्हतं. पण तुमाश ते विसरायला तयार नव्हता आणि बार्लाही विसरली नव्हती. ती कधीकधी त्या मोकळ्या चौथऱ्यावर जाऊन उभी राहायची.

ती बावन्न वर्षांची असतानाची ही गोष्ट. मोबाइल फोन त्या खोऱ्यात यायला अजून पुष्कळ वर्षं होती.

त्या वर्षी मार्चमध्ये दक्षिणेचा गरम वारा सुटला आणि त्याने वाळवंटाची धूळ आणली. दोन दिवस सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा दिसत होता. लोक एकमेकांना हळू आवाजात हाका मारत होते. वारा पडला तेव्हा सगळे डोंगर फिक्या विटकरी रंगाचे झाले होते. म्हाताऱ्या बायकांनी क्रुसाची खूण केली. बार्लाने मात्र मूठभर बर्फ वितळवून बघितला, भांड्याच्या तळाशी पिठासारखी माती राहिली. पांढरा बर्फ ऊन परतवतो, मळका बर्फ ऊन पितो. या वर्षी सगळं लवकर होणार, असं तिने वहीत लिहिलं.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात ती वरच्या खिंडीखालच्या उत्तरेकडच्या उतारावर खणायला गेली. तिथे तळाशी जानेवारीचा बर्फ होता, जाड साखरेसारखा रवाळ, मुठीत न बसणारा. ते तिला ठाऊक होतं. नवीन होतं ते वेगळंच. वरून मुरत आलेलं पाणी आता त्या साखरेला लागलं होतं. तिने मूठ आवळली आणि बोटांमधून पाणी गळालं. सावलीतल्या उताराला पहिल्यांदाच ओल तळापर्यंत पोचत होती, आणि तो पहिला भिजण्याचा काळच सगळ्यांत वाईट. खड्डा बुजवून ती खाली आली.

चार दिवसांनी, गुरुवारी पहाटे, पागोळी भरभर पडत होती.

खांबापाशी थर्मामीटर शून्याखाली एक अंश दाखवत होता. न जाणणारा म्हणाला असता, थंड आहे, ठीक आहे. पण रात्रभर आभाळावर ढगांचं पांघरूण होतं. आभाळ उघडं असलं की बर्फ अंगातली ऊब वर सोडून देतो आणि कडक होतो, हवा जराशी गरम असली तरी. पांघरुणाखाली तो जागाच राहतो. बार्लाने पाय ठेवला. वरचा पापुद्रा बिस्किटासारखा मोडला आणि पाय पोटरीपर्यंत मऊ, ओल्या बर्फात गेला.

तेव्हा तिला लुरेन आठवला.

लुरेन गावचाच, डोंगरवाटा दाखवायचं काम करणारा. सहा पाहुण्यांना घेऊन तो आठवडाभर पलीकडच्या खोऱ्यात होता. बुधवारी संध्याकाळी तो खिंड ओलांडून आपल्या बाजूच्या झोपडीत, म्हणजे मेंजियाने चालवलेल्या डोंगरावरच्या मुक्कामघरात, उतरणार होता आणि गुरुवारी सकाळी पाहुण्यांना उत्तरेचा तो मोठा उतार दाखवून खाली आणणार होता. तो हुशार होता, बर्फ त्यालाही कळायचा. पण तो दुसऱ्या बाजूने आला होता. तळाशी साखर आहे आणि साखरेला पाणी लागलंय हे त्याला कोण सांगणार? झोपडीची टेलिफोनची तार मंगळवारीच ओल्या बर्फाच्या वजनाने तुटली होती.

पहाटेची घंटा वाजवायला आलेला तुमाश तिला चर्चच्या भिंतीपाशी भेटला. ती स्की बांधत होती.

"काय गं बार्ला-नको, आज कुणाला घरात कोंडायला निघालीस?"

"लुरेनला."

"तो ऐकेल? त्याच्या पाहुण्यांनी सुट्टी घेतलीय, तुझा उपदेश ऐकायला नाही."

"न ऐकला तर खाली येऊन तुझ्याकडे रडेन. टपालघर दहाला उघडते म्हणून सांग कुणी आलं तर. दहाच्या आत परत येते."

"घळीतून जाणार?"

"आत्ता सावली आहे. पूर्वेकडे तोंड असलेल्या अंगाला ऊन लागेपर्यंत मी पार झालेली असेन."

"आणि परत येताना?"

बार्लाने पट्टा घट्ट केला. "दहाच्या आत म्हटलं ना."

"जा बाई," तुमाश म्हणाला. "डबा घेतलास का?" आणि तिने नाही म्हणून मान हलवली तेव्हा त्याने खिशातला सुक्या पेअरच्या पावाचा तुकडा तिच्या पिशवीत कोंबला.

वर जाणारी वाट घळीच्या तोंडातून जाते. दोन्ही बाजूंना उभे उतार, वर खडक, खडकांच्या डोक्यावर सगळ्या हिवाळ्याचा बर्फ. बार्ला तिथून गेली तेव्हा सगळं निळसर होतं आणि एवढं शांत, की चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीखाली लावलेल्या कातड्याची सरसर तिला कुणीतरी मागून येतंय अशी वाटत होती. ढग विरायला लागले होते. वर खूप उंचावर विटकरी बर्फाची एक कड गुलाबी झाली होती. तिला लहानपणीचं स्वप्न आठवलं, ज्यात डोंगर हे झोपलेली मोठी गुरं असत आणि आईने सांगितलेलं असे, हळू चाल. ती हळू चालली नाही. घळ मागे पडल्यावरच तिने श्वास सोडला.

झोपडीवर पोचली तेव्हा आठ वाजले होते आणि लुरेनची माणसं दाराशी स्की मांडत होती. आभाळ स्वच्छ झालं होतं, ऊन चढत होतं.

"ओंदा बार्ला!" लुरेन ओरडला. ओंदा म्हणजे आत्या. गावातले तिच्याहून लहान सगळे तिला तसंच म्हणत. "तुम्ही? कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," ती म्हणाली. "म्हणून आले."

तिने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. साखर, पाणी, ढगाळ रात्र. लुरेन ऐकत होता, स्कीच्या टोकाने बर्फावरचा पापुद्रा टोकरत होता.

"इथे वर चांगला गोठलाय, ओंदा. मी पाचला बघितलं. माझं वजन पेलतो."

"उडी मार."

"काय?"

"उडी मार ना. तुला पेलतो म्हणतोस."

लुरेनने उडी मारली आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. पाहुण्यांमधली एक बाई हसली. लुरेन हसला नाही. तो पाय न काढता तसाच उभा राहिला आणि खिंडीखालच्या त्या रुंद, देखण्या, सावलीतल्या उताराकडे बघत राहिला.

"तळाला खरंच लागलंय पाणी?"

"माझ्या मुठीतून गळलं."

"मग आज नाही," तो म्हणाला.

पाहुणे कुरकुरले. एकाची रात्रीची गाडी होती. दुसरा म्हणाला, एवढ्या सुंदर दिवशी धोका कसला? बार्लाला त्याचं म्हणणं कळत होतं. दिवस खरोखरच सुंदर होता. तिला स्वतःलाही असं वाटत होतं, की या उन्हात वाईट काही घडणारच नाही. इतक्या वर्षांत ती त्या वाटण्याला घाबरायला शिकली होती.

ती लगेच निघाली असती. पण मेंजियाने दार अडवलं. मेंजिया तिची शाळेतली सोबतीण, कंबर धरून चालणारी, जिभेने तिखट.

"कुठे? सूप न पिता? अगं, घामाने चिंब झालीयस. बस."

"दहाच्या आत परत जाते म्हणून सांगून आलेय."

"आणि आता किती वाजले?"

नऊ वाजून गेले होते. बार्ला ओट्यावर आली. घळीच्या पूर्वेच्या अंगावर ऊन पसरलं होतं. खडकांखालून छोटे छोटे बर्फाचे गोळे सुटत होते आणि उतारावर वळत वळत, चाकांसारखे मोठे होत, खाली येत होते. एक. मग तीन. मग पुष्कळ, जणू वर कुणीतरी खेळतंय. ती कठड्याला धरून बघत राहिली. मग आत आली, बूट काढले आणि म्हणाली, "दे सूप."

दहा वाजून थोडा वेळ झाला आणि तो आवाज आला. मोठा नव्हता. ओल्या बर्फाचा लोट गर्जत नाही. लांबवर मालगाडी सुटावी तसा तो घरघरतो. जवाचं सूप वाडग्यात हललं. सगळे बाहेर धावले. घळीचं पूर्वेचं अंग उघडं पडलं होतं, काळी माती आणि पिवळं गवत दिसत होतं, आणि घळीच्या तोंडाशी विटकरी गोळ्यांचा ढिगारा अजून हलत होता. संथ. दाट. मग तो थांबला आणि तिची सकाळची वाट त्याच्याखाली गेली होती.

"तुझं घड्याळ मागे असतं तर..." मेंजिया म्हणाली.

बार्लाला एक विचित्र हलकेपण आलं. आपण चुकलो होतो, असं तिला वाटलं. मोठ्या उताराची भीती घेऊन ती वर आली आणि मोठा उतार गप्प बसला. ज्या घळीला तिने 'आत्ता ठीक आहे' म्हटलं, तीच सुटली. तिच्या हिशेबात ती बरोबर वेळेत पार झाली होती. पण परतीची वेळ तिने तोंडाने आधीच ठरवून टाकली होती, आणि बर्फ कुणाच्या तोंडची वेळ पाळत नाही.

मग खाली गावात घंटा वाजायला लागली. जोरजोरात, न थांबता. धोक्याची घंटा.

"कुणी अडकलं," लुरेन म्हणाला आणि दुर्बीण आणायला धावला.

दुर्बिणीतून माणसं दिसली. आधी चार, मग दहा, मग पंचवीस-तीस. काळे ठिपके वाटेने चढत ढिगाऱ्यापाशी आले, रांगेत उभे राहिले आणि लांब सळ्या बर्फात खुपसत एक-एक पाऊल पुढे सरकू लागले.

"पण कोण असेल?" बार्ला म्हणाली. "आज सकाळी घळीतून कुणीच..."

ती थांबली. लुरेनने दुर्बीण खाली घेतली. मेंजियाने निळ्या एप्रनचं टोक तोंडावर धरलं.

"अगं," मेंजिया म्हणाली. "तुला शोधतायत."

पुढचे तीन तास बार्लाला नंतर कधी नीट सांगता आले नाहीत. ती म्हणायची, ते स्वप्नासारखं होतं. स्वप्नात आपण ओरडतो आणि आवाज निघत नाही, तसं. ऊन झकास होतं, छपरावरून पाणी मण्यांच्या पडद्यासारखं गळत होतं, आणि दूर खाली सगळं गाव तिच्यासाठी बर्फ टोचत होतं. तिला माणसं चालण्यावरून ओळखू येत होती. हा पाववाला. ही शाळेची बाई. हे दोघे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नाहीत, आज एकाच रांगेत. ती दिसत होती, ऐकू येत नव्हती. तीही त्यांना दिसत नव्हती, आणि कुणी वर बघत नव्हतं. बुडालेल्याला शोधणारा पाण्याकडे बघतो, आभाळाकडे नाही.

लुरेनने झोपडीची घंटा, धुक्यात वाट चुकलेल्यांसाठी टांगलेली, वाजवली. खाली नदीचा आवाज, कुत्र्यांचं भुंकणं, फावड्यांचा खणखणाट. कुणाचं डोकं वर झालं नाही. मेंजियाने तीन लाल घोंगड्या ओट्याच्या कठड्यावर टाकल्या. तिचा नवरा असताना ती खूण होती. तीन घोंगड्या म्हणजे झोपडीतली सगळी माणसं सुखरूप. गाव संध्याकाळी ती खूण बघायचं. पण आता सकाळ होती.

बारा वाजता बार्लाने बूट चढवले.

"कुठे?" लुरेन म्हणाला.

"खाली. बाजूच्या रानातून."

"ओंदा, बाजूच्या रानाच्या डोक्यावर काय आहे?"

तिला ठाऊक होतं. तसाच भिजलेला बर्फ.

"ते पश्चिमेचं अंग बघत नाहीयेत," ती म्हणाली. "घळीची दुसरी बाजू. एक वाजला की तिथे ऊन येईल. दोन-तीनपर्यंत तीही सुटेल. आणि ते बरोबर तिच्याखाली उभे आहेत. माझ्यासाठी उभे आहेत, लुरेन. मी इथे सूप पितेय आणि ते माझ्यासाठी तिथे उभे आहेत."

"सकाळी तुम्ही मला अडवलंत. ते कुणासाठी होतं? फक्त माझ्यासाठी?"

बार्ला बाकावर बसली. बूट तसेच पायात. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेलं 'नको' पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या वाट्याला आलं होतं आणि ते दगडासारखं जड होतं. मेंजिया तिच्या शेजारी बसली. उन्हाची कड फरशीवरून हळूहळू सरकत होती. बार्ला तीच बघत होती.

एक वाजून गेला तेव्हा खालून पुन्हा घंटा आली. या वेळी संथ. एक ठोका. बराच वेळ शांतता. मग दुसरा.

मेंजियाने क्रुसाची खूण केली आणि मग रडायलाच लागली. "पाद्रीबाबांनी सांगितलं असणार. तीन तास झाले ना. तीन तासांनी कुणी..."

मेलेल्यांसाठी घंटा त्या गावात अशीच वाजते. बाईसाठी दोन फेऱ्या, मधे मोठा विसावा. बार्ला उठून ओट्यावर गेली. आपल्या नावाची घंटा ऐकताना माणसाला काय वाटतं, असं पुढे तिला खूप जणांनी विचारलं. ती म्हणायची, लाज वाटली. एवढा सुंदर आवाज आणि आपण त्याला पात्र नाही. आणि दुसरं असं वाटलं, की तुमाश चांगली वाजवतोय. घाई करत नाहीये.

घाई करत नाहीये. मधे मधे मोठी शांतता आहे. आणि चर्चपाशी तो एकटाच आहे. नदी दूर, कुत्री दूर, फावडी दूर.

तिने झोपडीच्या घंटेची दोरी धरली. तुमाशचा ठोका झाला, घुमला, विरला. विरून गेल्यावर, त्या शांततेत, तिने ठोका दिला. मग थांबली. खालून पुढचा ठोका आला. तो विरला तसा तिने परत दिला.

तिसऱ्या वेळी खालून काही आलं नाही.

तुमाश पुढे सांगायचा, पहिल्यांदा त्याला वाटलं घंटेला तडा गेला. दुसऱ्यांदा वाटलं, आपल्या डोक्यात काहीतरी झालं. मग दोरी सोडून तो दारात आला, उन्हात डोळे बारीक करून वर बघितलं, आणि झोपडीच्या कठड्यावर तीन लाल ठिपके दिसले. तीन म्हणजे सगळे आहेत. सात माणसं आणि मेंजिया यांच्यासाठी ही खूण कुणी भर दुपारी का करेल? वरची घंटा पुन्हा एकदा वाजली, एकच ठोका, वाट बघत असल्यासारखा. अशी वेळेची पक्की, हट्टी बाई त्या खोऱ्यात एकच होती.

दुखरा गुडघा घेऊन तो धावला. गावात कुणी त्याला वीस वर्षांत धावताना बघितलं नव्हतं. ढिगाऱ्यापाशी पोचला तेव्हा त्याला बोलता येईना.

"वर," तो म्हणाला. "वर बघा, गाढवांनो. वर आहे ती. झोपडीत."

"तुमाश, बस. पाणी पी," पाववाला म्हणाला.

"पाणी तुझ्या बापाला पाज! तीन घोंगड्या! बघ!"

सगळ्यांनी वर बघितलं. दुर्बिणीतून बार्लाने त्या सगळ्या माना एकदम वर झालेल्या पाहिल्या, गवत वाऱ्याने वळावं तशा. ती कठड्यावर चढली आणि दोन्ही हातांनी दूर लोटल्याची खूण करत राहिली. जा. जा. बाजूला व्हा. खाली त्यांना वाटलं ती आनंदाने हात हलवतेय. काहींनी टोप्या हलवल्या. मग तुमाशनेच पश्चिमेच्या अंगाकडे पाहिलं. तिथे ऊन पोचलं होतं आणि एक गोळा, मग दुसरा, वळत खाली येत होता.

"ती म्हणतेय, नको," तो म्हणाला. "इथे थांबू नका म्हणतेय. चला सगळे. चला!"

ते गेले. पश्चिमेच्या अंगाचा लोट साडेचारला सुटला. फार मोठा नव्हता. बायकांनी जिथे चहाचं मोठं भांडं मांडलं होतं तिथपर्यंत आला आणि भांडं गळ्यापर्यंत पुरून थांबला. काही जण म्हणाले, साडेचारपर्यंत आपण तसेही घरी गेलो असतो. गेले असतेच असं नाही. कुणाला ठाऊक?

ती रात्र उघड्या आभाळाची गेली. पहाटे पागोळी गप्प होती. लुरेनने दार उघडलं तेव्हा बर्फ काचेसारखा वाजत होता. पाच वाजता ते आठ जण निघाले आणि स्कींचा खडखडाट करत, अर्ध्या उजेडात, उतरून आले. खिंडीखालच्या मोठ्या उताराला कुणी हात लावला नाही.

घळीच्या तोंडाशी बार्लाने स्की काढल्या आणि बाकीच्यांना पुढे जायला सांगितलं. ढिगाऱ्यावर भोकं होती. ओळीने, एकेका पावलावर, सरळ रांगांत, शेकडो. काही जागी दोनदा शोधलेलं. एके ठिकाणी कुणाचा तरी हातमोजा गोठून पडला होता, आणि त्याच्या शेजारी अर्धवट खणलेला, माणसाच्या लांबीचा खड्डा. बार्ला त्या भोकांमधून चालत राहिली. एका भोकापाशी वाकून तिने बोट आत घातलं. गार, गुळगुळीत, अंधारं. तिला एवढं रडू आलं की तिने बाजूला जाऊन तोंड धुवायला बर्फ घेतला.

तुमाश चर्चच्या भिंतीपाशी बाकावर बसला होता, पाय लांब करून, सूज उतरायला गुडघ्याला कोबीची पानं बांधून.

"दहाच्या आत म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"उशीर झाला."

"एक दिवस उशीर झाला." त्याने नाक शिंकरलं. "तुझी सबंध फेरी वाजवली मी. दुसरी अर्ध्यात राहिली. पाद्रीबाबा म्हणतात अशी अर्धी सोडणं अशुभ असतं."

"मग पुरी कर."

"वेडी आहेस का?" तो दचकून म्हणाला आणि मग बाजूला सरकला, म्हणजे तिला बसता येईल. ती बसली. सूर्य खडकांमागून वर येत होता. "तुझ्या पिशवीत पेअरचा पाव होता," तो थोड्या वेळाने म्हणाला. "मला सारखं वाटत होतं, तो तरी खाल्ला असेल का तिने."

"खाल्ला," बार्ला म्हणाली. तिने खाल्ला नव्हता. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

सात वाजता तिने फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, कालची नोंद आली नाही, तब्येत बरी आहे ना? बार्ला म्हणाली, बरी आहे, आणि रात्री किती गोठलं ते सांगितलं.

बार्ला-नको हे नाव गेलं नाही. पण त्यानंतर वसंतात रानात जाणारे आधी टपालघराच्या खिडकीशी थांबायचे, तिकिटं घेत असल्यासारखे. लुरेन तर रोज यायचा. ती त्यांना ठाम काही सांगायची नाही. म्हणायची, मला वाटतं. म्हणायची, मी चुकलेय पुष्कळदा. आणि परत कधी येणार ते कुणालाही तासाच्या हिशेबात सांगू नका, असं बजावायची.

उत्तरेचा तो मोठा उतार शेवटपर्यंत सुटला नाही. सबंध मे महिना तो तसाच पडून राहिला, विटकरी, मग करडा, मग ठिगळांचा, आणि पाणी होऊन गेला. "बघा, ओंदा," लुरेन म्हणाला, "काहीच झालं नाही." ती म्हणाली, "हो."

जूनमध्ये गुरं वर गेली त्या दिवशी तीही बरोबर गेली आणि मागे रेंगाळली. बर्फ नुकताच सरला होता तिथे गवत अजून चिकटलेलं, फिकट होतं, आणि त्यातून पांढरी-जांभळी क्रोकसची फुलं हजारोंनी उगवली होती. पुढे गुरांचा आवाज लांब होत गेला. बार्लाने कोट काढून अंथरला आणि आडवी झाली. कानाखाली मातीत कुठेतरी पाणी वाहत होतं, अगदी बारीक. ऊन पापण्यांवर लाल होतं. तिला वाटलं, जरा वेळ पडावं, मग जावं, आणि ती झोपली. संध्याकाळी मेंजियाने वरून हाक मारली तेव्हा तिच्या केसांत परागकण होते आणि गालावर गवताची नक्षी उमटली होती.